लाल धागा अन् छापा-काटा

माही पोरगी दामिनी रविवारी सकाळपासून घरात येरझारा घालून राहिली होती. चहा दोनदा थंड झाला. मिहानमधल्या कॉम्प्युटरच्या कंपनीत तिचे परीक्षेचे सहा महिने संपत आले होते. सोमवारी साहेबाले काम दाखवाचं. जमलं तं नोकरी पक्की, नाही तं घरी. तिले पाहून माह्या जिवालेही घोर लागला.

"एका जागी बस नं वं!" मी खेकसलो.

"कशी बसू बाबा? नवीन नाव टाकलं का सारं अडकते."

तिचं काम असं. हजारो नावांची क्रमानं लावलेली रांग. एक नाव शोधाले पहिल्यापासून कोण पाहत बसन? म्हणून वर आणखी रांगा, थोड्याथोड्या नावांच्या. वरून लांब उड्या माराच्या, नाव मागं सुटते असं दिसलं का खालच्या रांगेत उतराचं. याले स्किप लिस्ट म्हणतात. हे तिच्या डोक्यात मीच उतरवलं, बरं का! मी कोष्टी. मागावर ताण्याच्या, म्हंजे उभ्या धाग्यांच्या, दर शंभराव्या धाग्याले लाल खूण बांधाचो. तुटलेला धागा शोधाले लाल-लाल पाहत जायचो. पोरीनं तसंच केलं. दर दुसरं नाव वर, त्यातलंही दर दुसरं आणखी वर.

साहेब म्हणे, मोजू नको, नावागणिक नाणं उडव. छापा आला तं वर, पुन्हा छापा तं आणखी वर. ऐकून मीच भडकलो. "नशिबावर ताणा लागते काय? बह्याड आहे तुहा साहेब!" पोरगी बापाचं ऐकून पंधरा दिवस मोजतच बसली.

आता मलेच चैन पडेना. हातच्या कांकणाले आरसा कायले? जुन्या लग्नपत्रिका काढल्या, नावांच्या क्रमानं फरशीवर मांडल्या, दर दुसरीले लाल धागा बांधला. दामिनीनं मधात एक पत्रिका घुसवली. झालं! पुढच्या साऱ्या गाठी चुकल्या. सोडा अन् पुन्हा बांधा.

मग साऱ्या गाठी सोडून पत्रिकेगणिक नाणं उडवलं, छापा आला तिलेच धागा. कुठं लागोपाठ तीन छापे, कुठं पाच काटे. तो वाकडातिकडा धागा पाहून जीव कसनुसा झाला. पण शोधाले उड्या जवळपास तेवढ्याच लागल्या, अन् नवी पत्रिका टाकली तं शेजारच्याच गाठी हलल्या.

मी हातातला धागा खाली ठेवला. "दामिने, माहा ताणा एकदा लागला का त्यात नवा धागा येत नव्हता. तुह्या रांगेत रोज येते. माह्यामुळं अडकली तू."

ती नाण्याची रीत टाकाले कॉम्प्युटर घेऊन बसली.

सोमवारी मी दुकानात कापड मोजताना तीनदा चुकलो. मी आता कापडाच्या दुकानातच कामाले आहो. साडेबाराले फोन आला.

"पक्की झाली, बाबा! साहेबानं विचारलं, मोजाचा हट्ट कोणाचा होता?"

"मंग?"

"माहा, म्हटलं."

"अन् नाण्याचं?"

"ते म्हटलं, माह्या बाबांनी पटवलं."

समोर गिऱ्हाईक उभं होतं, अन् मले मीटरपट्टीवरचे आकडेच दिसेनात.