विहिरीत काय टाकलं

माझं काम विहिरींचं पाणी मोजायचं. मनीषनगरहून सकाळी निघायचं, कामठीपर्यंत बस, पुढे शेअर ऑटो, आणि यादीतल्या गावांच्या विहिरींत पोलादी टेप सोडायचा. टेपच्या टोकाला खडू घासायचा. खडू किती भिजला त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. एवढंच काम, पण सांगून कुणाला पटत नाही.

शाळेत असताना वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांत असा परका माणूस भेटायचा. त्याचा धंदा गावाला कळायचा नाही, मग गावात जे बिघडेल ते त्याच्या माथी. वाचताना मला त्या गावाचा राग यायचा.

एका उन्हाळ्यात यादीतल्या एका गावात मी अशीच टेप सोडत होते. घागर घेऊन आलेली एक बाई बघत थांबली. तिने हाक मारली तसे चार-पाच जण जमले. त्यांतले एक म्हातारे पुढे आले.

"विहिरीत काय टाकून राहिली वं?"

"काही नाही, काका. पाणी मोजतेय."

"मंग हे पांढरं काय आहे?"

"खडू."

"पानी मोजाले खडू काहून लागते?"

मी समजावलं. ऑफिसचं पत्र दाखवलं. ते हातोहात फिरलं आणि परत आलं. मागच्या आठवड्यात गावातल्या दोन म्हशी मेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"तूच पी आधी," ती बाई म्हणाली.

तिने बादली काढली. मी ओंजळीने प्यायले. पाणी गार होतं. मग त्यांनी मला कडुनिंबाखाली बसवलं आणि समोर बसून राहिले. कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. नुसते बघत होते. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. रागही आला नाही. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायचंही सुचलं नाही.

तासाभराने म्हातारे म्हणाले, "जाय आता." बाईने बादलीतलं उरलेलं पाणी मातीत ओतलं.

घरी आईने विचारलं, उशीर का झाला. ऑटो मिळाला नाही म्हटलं आणि जेवायला बसले.

पावसाळ्यानंतर पुन्हा तिथेच जायचं होतं. गाव बदलून मागता आलं असतं. मागितलं नाही. तीच बाई विहिरीवर होती. मला बघून तिने घागर बाजूला घेतली आणि माझं होईपर्यंत उभी राहिली.

"झालं?"

"झालं."

मी आकडा लिहून घेतला. ती रिकामी घागर घेऊन हातपंपाकडे निघाली. मी ऑटोच्या रस्त्याला लागले.