भांगाच्या दिवशी भरलेली बाटली

"ही पेटी इथून हलणार नाय," भानूमावशी म्हणाली आणि सरळ माझ्या आइसबॉक्सवर बसली.

आत खाडीच्या पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, बर्फात ठेवलेल्या. वेळेत लॅबला पोचल्या नाहीत तर सकाळपासूनची मेहनत वाया. दुपारचा एक वाजलेला, जेट्टीवर ऊन मी म्हणत होतं आणि वर रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला होता.

"मावशी, उठा ना. बर्फ वितळतोय."

"वितळू दे. तुझा रिपोर्ट काय येणार ते मी इथंच सांगते. पाणी एकदम झकास! दर महिन्याला तेच येते ना?"

खरं होतं. तेच येत होतं.

मी वानखेडे. कांदिवलीतल्या एका प्रायव्हेट लॅबमध्ये मी केमिस्ट होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. पाण्याचे नमुने आणायचे, तपासायचे, रिपोर्टवर सही करायची, हे माझं काम. ही खाडी आमच्या उपनगरातलीच, नाव मुद्दाम देत नाही. खाडीच्या एका काठाला कोळीवाडा, दुसऱ्या काठाला रंगाची केमिकल्स बनवणारा कारखाना. कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडायचं असा नियम. ते खरंच स्वच्छ होतं का हे बघायला दर महिन्याला आम्ही जायचो. आता आम्हाला नेमलं कोणी? कारखान्यानेच. म्हणजे कोळीवाड्याच्या दृष्टीने मी कोण, हे वेगळं सांगायला नको.

त्या महिनाअखेरीला एक मोठी सरकारी मीटिंग होती. कारखान्याला उत्पादन वाढवायची परवानगी हवी होती आणि त्यांच्या फाइलमधला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे माझे वर्षभराचे रिपोर्ट. परवानगी मिळाली की खाडीत येणारं पाणीही वाढणार. कोळीवाड्यातल्या भानूमावशीचं पोट त्याच खाडीवर. नवरा गेल्यापासून ती काठच्या चिखलातून निवट्या मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून बाजारात विकायची. हल्ली टोपली अर्धीही भरत नव्हती. हातापायाला खाज सुटायची, ती वेगळी.

"एक सांग," पेटीवर बसूनच तिने विचारलं, "तू दर टायमाला पुनवेला नाय तर अवसेलाच कशी येते गं? ते पण भर दुपारी?"

मी भडकले. तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ. "तिथी बघून नाही येत मी! भरतीचं टेबल बघून येते. बोट तरंगायला पाणी नको?"

"बोट तरंगते, कारण तवा सगला समुद्र आत घुसलेला असते. उधाणाच्या भरतीला तू गटार भरून नेलंस तरी पास होईल. हिंमत हाय तर अष्टमीला ये. भांगाच्या ओहोटीला."

एवढं बोलून ती उठली. जाता जाता पेटीला एक लाथही घातली.

आमचं मूळ गाव बुलढाण्याकडचं. समुद्र म्हणजे भेळ खायला जायची जागा, एवढाच माझा संबंध. तरी ऑफिसात आल्यावर मी बारा रिपोर्टच्या तारखा काढल्या आणि जुनं कॅलेंडर घेऊन बसले. पौर्णिमा. अमावास्या. अमावास्येचा दुसरा दिवस. पौर्णिमा. बाराच्या बारा तशाच.

त्याचं कारण अगदी साधं होतं. ऑफिस दहाला उघडतं, नमुने संध्याकाळच्या आत लॅबला हवेत, म्हणून मी टेबलातले भर दुपारी भरती असलेले दिवस निवडायची. आपल्या मुंबईत भर दुपारी भरती येते ती पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे नेमकी उधाणाची, सगळ्यात मोठी. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते. त्या दिवसांत पाण्याला जोरच नसतो, आलेली घाण जागच्या जागी बसून राहते. त्याला कोळी लोक भांग म्हणतात. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त बारा महिने खाडीचं तोंड धुऊन झाल्यावरच फोटो काढत होते. कारखान्याने मला तसं सांगितलंही नव्हतं. माझा मीच गाढवपणा केला होता.

सामंत सर आमच्या लॅबचे मालक. मी कॅलेंडर त्यांच्या टेबलावर पसरलं.

त्यांनी चष्मा काढला. "बाराही रिपोर्टवर तुझी सही आहे, वानखेडे."

"म्हणूनच आले, सर."

"क्लायंट जाईल."

"हो."

"आणि तू म्हणतेस ते चुकीचं निघालं तर आपलं हसं होईल."

"तेही होईल."

मी मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होते. मग त्यांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि विचारलं, "अष्टमी कधी आहे?"

आजही हे आठवलं की डोळ्यांत पाणी येतं. असा बॉस सगळ्यांना मिळत नाही.

अष्टमीला आम्ही कारखान्याच्या मेहतांनाही बोलावलं. ते तिथले एन्व्हायर्न्मेंट ऑफिसर, माणूस तसा सभ्य. नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले. बोट चिखलात रुतलेली, म्हणजे चालत जाणं आलं. मी मोठ्या ऐटीत गमबूट चढवले.

"ते बूट काढ," भानूमावशी म्हणाली. "चिखल बूट ठेवून घेतो."

मी कशाला ऐकतेय? दहा पावलांवर माझा डावा पाय बुटातून बाहेर आला आणि बूट तिथंच राहिला. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भानूमावशीने माझा दंड धरला आणि कुठे पाय टाकायचा ते दाखवत मला पाण्यापर्यंत नेलं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, त्यावर मासे जगतात. तो मोजायची जुनी पद्धत आहे. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं आणि दोन औषधं घालायची. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी गाळ तयार होतो. नसेल तर गाळ पांढराच राहतो. नेमका आकडा लॅबमध्ये कळतो, पण रंग तिथल्या तिथे दिसतो.

मी बाटली भरली. औषधं घातली. बूच लावून हलवली आणि वर धरली. दुधासारखा पांढरा गाळ.

काठावर एकच गलका झाला. "बघ! पांढरंशुभ्र! परत पास केलीस ना!" भानूमावशीने माझा दंड सोडून दिला. इतका राग मी कोणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता.

"मावशी, पांढरं म्हणजे नापास!" मी ओरडले. "यात ऑक्सिजन नाहीच. चांगलं पाणी तपकिरी होतं."

कोणाचा विश्वास बसेना. बरं, त्यांचाच नाही, मेहतांचाही बसेना. "मॅडम, तुमचं केमिकल जुनं असेल," ते बांधावरून म्हणाले. दोन्हीकडून मीच खोटी!

भानूमावशीने काठाकडे वळून हाक मारली, "गो सुमन, घरातनं आपल्या नळाचं पाणी आण बघू हंडाभर!"

कॉलेजात ज्याला कंट्रोल म्हणून शिकवतात, म्हणजे खात्रीच्या चांगल्या पाण्याशी तुलना, ते हेच. ते मला सुचायला हवं होतं. सुचलं तिला. हंड्यातलं पाणी त्याच तऱ्हेच्या बाटलीत भरलं, तीच औषधं, तेवढेच थेंब. बूच लावून मी बाटली तिच्याच हातात दिली. तिने हलवली आणि सगळ्यांसमोर पाणी चहासारखं तपकिरी झालं.

मेहतांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून भानूमावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, हे आम्ही पितो. नि हे आमचा मासा पितो."

त्या दिवशी माझी पेटी तिने स्वतःच्या डोक्यावरून रिक्षापर्यंत नेली.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सांगितलं की बाराही रिपोर्टमधले आकडे बरोबर आहेत, पण दिवस माझे चुकले. सामंत सर शेजारी उभे होते, उठायची गरज नसताना. परवानगी अडली. कारखान्याला आधी सांडपाण्याचा प्लँट दुरुस्त करायला लावला आणि नमुने भरती-ओहोटी दोन्हींना, उधाणात आणि भांगातही घ्यायचे असं ठरलं. क्लायंट आमच्या हातचा गेलाच. खाडीचं काम मात्र वर्षभराने सरकारी बाजूने परत आमच्याकडे आलं, कारण कोळीवाड्याने लिहून दिलं होतं की तीच बूटवाली बाई पाहिजे.

पाणी काही एका दिवसात सुधारलं नाही. दोन पावसाळे गेले. मग एका अष्टमीला बाटली हलवली आणि गाळ फिकट, पण तपकिरी आला. भानूमावशीने घरी नेऊन मला निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती पेटीवर बसली नसती तर तेराव्या रिपोर्टवरही मी निवांत सही ठोकली असती आणि आज ताठ मानेने हे लिहीत नसते. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

नोकरीतल्या माझ्या शेवटच्या सॅम्पलिंगला मी तिला म्हटलं, "मावशी, उन्हात कशाला उभी राहतेस? घरी जा. आता तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"हाय ना गं बाय," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन तिथंच उभी राहिली. "तुझ्यावर पुरा विश्वास हाय. बाटली माझ्यासमोर भर."