माझा बत्तीस मिलिमीटर पाऊस

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. जामखेड तालुक्यातलं एक गाव, ग्रामपंचायतीमागची मोकळी जागा, तारेचं कुंपण, आत हवामान केंद्र. महिना ऑगस्ट. आभाळात ढग नाही.

गावाचं नाव विचारू नका, तिथं परत तोंड दाखवायचंय मला. तीस वर्षं बातमीदारी केली, साहेबांपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांशी भांडलो. पण त्या सकाळी मी जो घोळ घातला, तो एखाद्या पुढाऱ्यानं घातला असता ना, तर आठवडाभर त्याला सोलून काढला असता मी!

बबनराव म्हणजे त्या गावातले उडीद-तूर करणारे शेतकरी आणि माझे जुने वाचक. वाचक म्हणजे काय, बातमी वाचून झाली की फोन करून भांडणारे. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी इथं ढगफुटीसारखा पाऊस झाला, उभा उडीद वाहून गेला, असं गावाचं म्हणणं. केंद्रातल्या पर्जन्यमापकाची नोंद: चार मिलिमीटर. नोंद नाही, म्हणून विम्याची भरपाई नाही. गावानं ओरड केली. आणि मी, विज्ञानाचा कैवारी, नगरला बसून पहिल्या पानावर लिहिलं, 'यंत्र खोटं बोलत नाही!' उद्गारचिन्हसुद्धा माझंच.

तेव्हापासून बबनरावांचा एकच धोशा. "साहेब, त्ये यंत्र मेलंय. एकदा डोळ्यानं बघा तरी."

म्हणून गेलो. चूक कबूल करायला? छे! त्यांचं तोंड बंद करायला.

केंद्र तसं झोकात होतं. उंच खांब, त्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या. शेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. खाली तापमान आणि आर्द्रता मोजणारा पांढरा डबा, सोलर पॅनेल आणि एका बाजूला पत्र्याच्या नरसाळ्यासारखा पर्जन्यमापक. कुंपणावर दोडक्याचा वेल चढलेला. फाटकाला कुलूप नाही, सुतळी.

"ह्यो बाण बघा," बबनराव म्हणाले. "वारं कुठनं बी येऊ द्या, ह्यो सरपंचाच्या घराकडंच."

"या दिवसांत वारा एकाच दिशेचा असतो."

"आन वाट्या का फिरंनात?"

"वारा पडलाय, बबनराव."

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझी टोपी उडाली. वाट्या हलल्या नाहीत. शहाणा माणूस इथंच गाडीत बसून परत गेला असता.

बबनरावांच्या पत्नी सुमनवहिनी टोपी घेऊन आल्या. "भाऊ, वारा पडलाय म्हनं. टोपी मातूर पळाली."

झालं! माझं डोकं फिरलं. "वहिनी, हे नरसाळं आहे ना, त्याच्या आत सी-सॉसारखी दोन छोटी भांडी असतात. एक भरलं की कलंडतं, टक् करून एक नोंद. मग दुसरं भरतं. थेंब न् थेंब मोजला जातो. थांबा, दाखवतोच!"

आणि काय केलं असेल मी? सुतळी सोडली, आत गेलो, सिमेंटच्या कट्ट्यावर चढलो आणि माझी पाण्याची लिटरभर बाटली त्या नरसाळ्यात हळूहळू रिकामी केली. टक्. टक्. टक्. आतून असा गोड आवाज आला म्हणून सांगू! मी विजयी मुद्रेनं खाली उतरलो.

"ऐकलंत? मेलंय म्हणे!"

टाळी सोडाच, बबनरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यो पाऊस लागला का आता आमच्या नावावर?"

"म्हणजे?"

"वीस दिस कोरडे गेल्यात. आजचा एकविसावा. उद्या सकाळी साडेआठला खंड पुरा हुतोय."

तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, कारण ती सरकली. पावसाचा खंड! नियम मीच छापलेला, चौकट करून. सलग एकवीस दिवस, रोज अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, तरच त्या केंद्राखालच्या महसूल मंडळाचं नाव भरपाईच्या यादीत. मध्ये एक दिवस जरी तेवढा पाऊस नोंदला गेला तरी मोजणी पुन्हा एकपासून.

मोबाईलवर हिशेब केला. नरसाळ्याचा व्यास वीस सेंटीमीटर. पाणी एक लिटर. उत्तर आलं, बत्तीस मिलिमीटर.

बत्तीस! साऱ्या तालुक्यात टिपूस नाही आणि मी एकट्यानं, बाटलीनं, बारा गावांच्या मंडळावर दमदार पाऊस पाडला होता!

"काढता येतंय का त्ये माघारी?" बबनरावांनी विचारलं.

"नाही. मोजलेलं पाणी खालून निघून जातं."

"लई हुशार यंत्र," सुमनवहिनी म्हणाल्या.

त्या दुपारी मी किती वेळा आभाळाकडं पाहिलं असेल? मला खरा पाऊस हवा होता. चांगला चार तास, म्हणजे पिकंही जगतील आणि माझं पापही त्यात वाहून जाईल. आणि बबनराव उलट घाबरलेले. "पडायचा तर नांगर चालंल इतका पड," ते ढगांना दम देत होते, "तीन-चार मिलिमीटरचा शिडकावा देशील तर याद राख!" शिडकाव्यानं माती भिजत नाही आणि खंड मात्र मोडतो. पण ढगच नव्हते. दम कोणाला देणार?

शेवटी मी ठरवलं. कबुली द्यायची. लेखी. तीन पानी अर्ज लिहिला: 'सदर पाऊस हा नैसर्गिक नसून अर्जदाराच्या बाटलीतील आहे.' आयुष्यभर दुसऱ्यांचे खुलासे मागितले, आता स्वतःचा लिहिताना घाम फुटला. मथळासुद्धा दिला सवयीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही दोघं मंडळ कृषी अधिकारी मॅडमच्या टेबलासमोर. अर्ज माझ्या हातात, गुंडाळी होऊन ओला झालेला.

"मॅडम, कालची नोंद..."

"आत्ताच आली." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आपल्या मंडळात काल शून्य. झाला तुमचा एकवीस दिवसांचा खंड पूर्ण."

"शून्य?"

"शून्य."

बबनरावांनी डोळे मिटून हात जोडले. आता तुम्ही सांगा, अशा वेळी समंजस माणूस काय करतो? आभार मानतो, अर्ज खिशात घालतो आणि चहा प्यायला जातो. हो ना?

मी टेबलावर मूठ आपटली.

"शून्य कसं असेल? अशक्य! मॅडम, तिथं काल बत्तीस मिलिमीटर पाऊस झालाय!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! मी स्वतः पाडलाय!"

"आवं, गप बसा की!" बबनरावांनी माझा सदरा मागून इतका ओढला की वरचं बटण तुटून मॅडमच्या फायलीत पडलं.

पण मी कसला गप बसतोय! आत टक् टक् ऐकली होती मी. म्हणजे भांडी कलंडत होती, पण मोजणारं कोणी नव्हतं. म्हणजे यंत्र खरंच मेलेलं. मग मागच्या वर्षीचे चार मिलिमीटर? मी अर्ज पुढं सरकवला, खाली हाच प्रश्न लिहिला, आवक नंबर टाकून शिक्का घेतला. मगच उठलो.

यादी लागेपर्यंत चार दिवस बबनरावांनी माझा फोन उचलला नाही. माझ्या शिक्क्यानं तो शून्यही रद्द झाला तर? यादी आली, मंडळाचं नाव होतं. मग फोन सुमनवहिनींनी केला. "भाऊ, नाव लागलं. आता पुन्यांदा आलात तर बाटली घरी ठिवून या."

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयातून मला पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात, यंत्रात हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा करा. दुसऱ्यात, यंत्र सुस्थितीत असल्याचं आपल्याच वर्तमानपत्रानं मागील वर्षी ठळकपणे प्रसिद्ध केलं आहे. सोबत पुरावा म्हणून कात्रण जोडलं होतं.

'यंत्र खोटं बोलत नाही!' खाली माझं नाव, ठळक अक्षरात.

माझा खुलासा मी दिला. माझ्या प्रश्नावर त्या पत्रात एक ओळ नव्हती, उत्तर आजही नाही. मागच्या वर्षी त्या दुपारी गावच्या ओढ्याचा पूल पाण्याखाली होता, एसटी तीन तास पलीकडे अडकली होती, आणि त्या दिवसाची नोंद अजूनही चार मिलिमीटरच आहे.