प्रेशरचं मशीन मी फोडलं

फळा वाचणाऱ्या वाकोल्याच्या पोरांनो, आज मंडळाच्या खोलीत काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

डॉक्टरकी शिकणारी सुषमा संशोधनासाठी चाळीतल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजत होती. तिने माझा दंड धरला आणि माझे ठोके धावत सुटलेच.

"धावत आलास का रे?"

मागून आपला पक्या ओरडला, "कॉलेज सोडून तुझ्याच मागे धावतोय तो!"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं, मी टेबलाला लाथ घातली. तिने कॉलेजातून मागून आणलेलं मशीन फुटलं, पारा लादीवर सांडला.

गोळा करायला वाकलो तर म्हणाली, "हात लावू नकोस, विषारी असतो."

तेव्हाही माझीच काळजी! स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडलंच, आज तिचं कामही अर्धवट केलं. लाज वाटते यार.

माफी मागायला जातोय. पक्या, येतोस सोबत?