नरसीच्या रस्त्यावरची शिंदी

शिंदी प्यायला साताऱ्याहून हिंगोलीला चाललो आहे, असं घरात सांगितल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "वाटेत कुठे मिळत नाही का?" मिळत नाही, हेच तर माझं म्हणणं होतं. कोकणात माडी मिळते, शहरात बाटलीबंद बियरला तोटा नाही. पण शिंदीच्या झाडावरून पहाटे उतरवलेला आणि दुपारपर्यंत आपोआप आंबलेला रस, जो निजामाच्या राज्यात गावोगाव प्यायला जायचा, तो आता मराठवाड्यातच चाखायला मिळतो असं ऐकलं होतं. शिवाय माझा मेहुणा सुधाकर, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बदलून हिंगोलीला आला होता. राहण्याची सोय होती. मग थांबायचं कशाला?

जानेवारीतली गोष्ट. जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर अजून 'जि. परभणी' असंच होतं. बसने अंग पार आंबवून टाकलं होतं, आणि सुधाकरने स्वागताला चहाबरोबर एक काळजी पुढे केली.

"दाजी, शिंदखान्यात जाणार तुम्ही? शिंदीच्या दुकानात? ऑफिसातल्या कुणी बघितलं तर?"

"मी एकटा जातो. तू नातं सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गावातली तीन दुकानं आणि नरसीच्या रस्त्यावरचं चौथं, सगळी पायी करायची असं ठरवलं होतं. रिक्षात बसून पेय कळत नाही. दोन दुकानांमधलं अंतर चाललं की मागची चव नीट बसते आणि पुढच्या चवीला जागा होते, हा माझा सिद्धान्त. या सिद्धान्तानेच माझा घात केला, पण ते पुढे.

पहिलं दुकान बाजाराच्या टोकाला. पत्र्याची शेड, दोन लांब बाकडी, आणि दारातच निळा प्लास्टिकचा ड्रम. सकाळचे नऊ वाजले होते तरी चारपाच जण बसलेले. दुकानदाराने ड्रममध्ये एक मग बुडवून तो माझ्यापुढे ठेवला. वर पांढरा फेस. मी डोळे मिटून घोट घेतला. गोड! आमरसात कुणी साखर ओतावी इतकं गोड, आणि मागून जिभेच्या मुळाशी कडवट काहीतरी.

"कुठल्या झाडाची?" मी विचारलं.

"झाडाची?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या बापाचं नाव विचारलं. "डरममधली हाय की, पाव्हणं."

रागाची सुरुवात तिथे झाली. तरी तो मग संपवला. टाकून कसं द्यायचं?

दुसरं दुकान रेल्वे फाटकापलीकडे. इथला माणूस मोकळा होता. मी आडून आडून विचारायला लागलो, तर त्यानेच सगळं सांगून टाकलं. "झाड देतं थंडीचे चार म्हैने. दुकान तर बारा म्हैने चालवाय लागतं. मंग काय करावं? पाणी, साखरीन आन् पावडर. उलसक पावडर टाकली की मानूस बराबर बसते."

"आत्ता तर थंडी आहे. आत्ता का पावडर?"

"आता गिऱ्हाइकाला तिचीच सवय झाली ना साहेब. ती न्हाई टाकली तर भांडून राहिले लोक."

कसली पावडर, हे त्याला माहीत नव्हतं. पुडी येते, एवढंच माहीत होतं. बाकड्यावर माझ्याएवढ्याच वयाचा एक माणूस भिंतीला डोकं टेकून बसला होता. तोंड उघडं, हात मांडीवर उलटे पडलेले. झोपला नव्हता आणि जागाही नव्हता. मी त्या दुकानदाराला चार शब्द सुनावले. विष पाजता, म्हटलं. तो हसला आणि माझा मग पुन्हा भरला. तोही मी प्यालो, आता परीक्षा म्हणून! आपल्या हावरटपणाला नाव द्यायला माणसाला वेळ लागत नाही.

तिसरं दुकान कयाधूचा पूल ओलांडल्यावर. नदीत पाणी बेताचंच, काठाला बायका धुणं आपटत होत्या. दुकानाबाहेर एक बाई सिद्धेश्वरच्या धरणातले मासे तळत होती. ते मासे मात्र खरे. तिखट-मीठ लावून, वरून ज्वारीचं पीठ भुरभुरून तळलेले, काटा कडकडीत. ते खाताना मला वाटलं, या बाईला मासा ताजा ठेवायची लाज-शरम आहे, मग आतल्या माणसाला का नाही? आत गेलो. तोच निळा ड्रम, तीच गोडी, तोच कडवटपणा. माझी जीभ एव्हाना जाड झाली होती आणि कानशिलं जड. पण राग ताजातवाना होता. एका झाडाची, एका पिढीजात कामाची या लोकांनी राखरांगोळी केली आणि कुणाला काही वाटत नाही! आता पुढे जो भेसळवाला भेटेल त्याला सोडायचा नाही, असं ठरवून मी नरसीचा रस्ता धरला.

दोन्ही बाजूंना हरभरा आणि करडई. धनगराचा एक कळप रस्त्यावरून इतक्या सावकाश चालला होता की मी त्याच्यातच सामील झालो. तासाभराने ओढ्याकाठी शिंदीची झाडं दिसली. खोडावर एकाआड एक खाचा पडलेल्या, त्यामुळे प्रत्येक झाड नागमोडी वर गेलेलं. रस काढायला दर साली एका बाजूने तासतात, पुढच्या साली दुसऱ्या बाजूने, हे मला नंतर कळलं. चौथं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

तिथे भांडण चाललेलं. सायकलला दोन्ही बाजूंनी मडकी बांधून एक साठीचा काटक माणूस उभा होता. कमरेला दोर, हाताला घट्टे. त्याचं नाव मारोती. ओढ्यावरची झाडं तोच तासायचा आणि त्याच्या आधी त्याचा बाप. दुकान आणि झाडांचा ठेका शेठकडे. शेठ निळ्या ड्रमशेजारी खुर्चीत बसून बाकड्यांवरच्या गिऱ्हाइकांकडे हात दाखवत होता.

"मी न्हाई म्हणून राहिलो मारोती, हे लोक म्हणतेत. तुझ्या शिंदीत पाणी हाय."

"ओढ्याच्या पाण्याला हात न्हाई लावला मी," मारोती म्हणाला. "काहून लावीन?"

"मंग चढत काहून न्हाई?" बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं.

शेठचं लक्ष माझ्याकडे गेलं. पँट, बूट, खांद्याला पिशवी. "साहेब कुठले?" सातारा म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली. "सगळी दुकानं पिऊन आलात? मंग तुमीच सांगा. तुमी परके, तुमचं इथं कुनाशी काही न्हाई. साहेब पाणी म्हनले तर झाडं दुसऱ्याला. न्हाई म्हनले तर मारोती झाडावर चढतो तवर मारोतीचीच. मंजूर?"

मारोतीने मान हलवली. त्याने मडक्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं, पळसाच्या पानाचा द्रोण केला, आधी स्वतः एक घोट घेतला, मग दुसरा द्रोण भरून माझ्या हातात दिला. काढणाऱ्याने आधी प्यायची, मग दुसऱ्याला द्यायची, अशी त्यांची रीत.

मी प्यालो. काहीच लागलं नाही. ना गोड, ना कडू, ना फेस. तांदळाच्या धुवणासारखं फिकट. सकाळपासून तुंबलेला माझा सगळा राग या माणसावर उतरला.

"पाणी आहे," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उभा राहिलो, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालो, "झाडाच्या नावाखाली पाणी विकता? निदान वयाची तरी लाज बाळगा!"

बाकडी खूश झाली. शेठने दोन्ही हात वर करून 'बघा' अशी खूण केली. मारोती रागावला नाही. त्याने फडकं पुन्हा बांधलं आणि मला विचारलं, "साहेब, सकाळपासून कुठं कुठं पिलात?"

मी ऐटीत तिन्ही दुकानं सांगितली.

"मंग तुमची जीभ तुमच्यापाशी न्हाई," तो म्हणाला. "उद्या दिस उगवायच्या आत झाडाखाली या. चूळ भरून, उपाशी या."

सुधाकरच्या घरी जाऊन मी मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा डोकं ठणकत होतं, पण मारोतीचं वाक्य जास्त ठणकत होतं. अंधारातच निघालो. ओढ्यावर पोचलो तेव्हा तो कमरेचा दोर झाडाभोवती टाकून वर चढलेला. वरून मडकं उतरवताना त्याने आवाज दिला, "आलात व्हय!" खाली त्याची बायको कौसाबाई काट्याकुट्यांच्या जाळावर रिकाम्या मडक्यांना धूर देत होती. तिने माझ्याकडे न बघता बसायला पोतं दिलं. तिला कालचं कळलं होतं.

मारोतीने स्वतः घोट घेतला, मग मला द्रोण दिला. गार, हलकी गोडी, ओल्या खोडाचा वास आणि किंचित धूर. मग त्याने कालचं, सावलीत राखून ठेवलेलं मडकं उघडलं. तेच, मी काल पाणी म्हटलेलं. रात्रभर आंबून त्याला आंबूस धार आली होती, जीभ चुरचुरली, आणि गोडी तळाशी तशीच होती. पाण्याचा थेंब नव्हता. त्या साखरीनने माझी जीभ मारून टाकली होती, आणि मेलेल्या जिभेने मी जिवंत माणसाला खोटारडा ठरवलं होतं.

"तीन दिस काढतो, तीन दिस झाडाला इसावा देतो," मारोती सांगत होता. "रोज तासलं तर झाड वाळून जातं. शेठ म्हणतो, इसावा काहून? त्याचं आन् माझं इथंच वाकडं हाय."

मला तिथे बसवेना. "मारोतराव, चला. मी सगळ्यांसमोर सांगतो."

दुकान नुकतंच उघडत होतं. मी शेठला बाजूला घेऊन म्हणालो की माझी चूक झाली, माल अस्सल आहे. शेठने शांतपणे सुपारी कातरली.

"मला म्हाईत न्हाई व्हय? अस्सल हाय म्हणूनच तर तकलीफ. अस्सल पिलेला मानूस उठून शेतात जाते, सांजच्याला परत येत न्हाई. मारोतीच्या बापाला समदं गाव मानायचं. मी पाणी म्हनलो असतो तर मलाच शिव्या पडल्या असत्या. तुमी बोललात, लई बरं झालं." सुपारीचं खांड त्याने माझ्याहीपुढे धरलं.

मला आयुष्यात फार कमी वेळा माणसाला मारावंसं वाटलं आहे. मी मारलं नाही. गिऱ्हाइकं जमेपर्यंत तिथेच उभा राहिलो आणि बाकड्यांसमोर जाऊन मोठ्याने सांगितलं, काल मी चुकलो, मारोतरावांच्या शिंदीत पाणी नाही, या ड्रममध्ये विष आहे. सगळं सांगितलं, पावडरीसकट.

हातात मग धरलेल्या एकाने विचारलं, "काल पाणी, आज अस्सल. रातीतून मारोतीनं काय खिलवलं साहेबाला?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "शेठसंगं बिनसलेलं दिसतंय." मी पुन्हा सांगायला लागलो, तर ते आपापसात बोलायला लागले. काल माझं एक वाक्य त्यांनी झेललं होतं, आज दहा वाक्यांना कुणी मान वर केली नाही.

मारोती बाहेर सायकल धरून उभा होता. ओढ्याकडे पाहिलं तर एक तरणा गडी झाडावर चढत होता, आणि नेमका इसाव्याला ठेवलेल्या झाडावर. शेठचा नवा माणूस. विळ्याचा घाव पडला तसा मारोतीने पुढे होऊन हाक मारली, "त्याला आज ऱ्हाऊ दे रे! उद्या काढ!" वरून घाव पडत राहिले.

"मी हे लिहीन, मारोतराव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? "छापून येईल."

"लिव्हा की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. "पर तुमी ज्यांच्यासमोर बोललात, ते वाचून राहिले का, साहेब?"

जाताना कौसाबाईने भाकर आणि ठेचा बांधून दिला. पाहुणा उपाशी आला होता, म्हणून. मी नको म्हणू शकलो नाही.

साताऱ्याला परत आल्यावर मित्र विचारतात, काय हो, शिंदी कशी होती? भेसळवाल्यांवर मी त्यांना तासभर व्याख्यान देऊ शकतो. पण पुडी टाकणाऱ्यांनी झाडाचं नुसतं नाव वापरलं. मारोतरावांच्या हातून झाडं गेली ती माझ्या तोंडच्या दोन शब्दांनी, आणि ते शब्द कुणी माझ्याकडून विकत घेतले नव्हते. मी ते फुकट, रुबाबात, उभा राहून दिले.

त्या शिंदीत पाणी नव्हतं. हे मी इथे लिहून ठेवतो आहे, जिथे मारोतरावांना ओळखणारं कुणी नाही.