कासिमिराच्या गाडीतला पिवळा दिवा

कासिमिरा चोके हिने गाडीचं इंजिन स्वतःच्या अंगणात उघडलं, तेव्हा किल्याकोल्यो गावातल्या तिच्या गल्लीत बऱ्याच जणांनी हसून घेतलं. नवरा चिलीतल्या खाणीत कामाला, म्हणून प्रवासी गाडी तीच चालवायची. पण गाडी चालवणं वेगळं आणि इंजिनचं हेड काढून गॅस्केट बदलणं वेगळं. लग्नाआधी ती बाजारात सुट्या भागांच्या दुकानात कामाला होती. मोडका भाग घेऊन गिऱ्हाईक आलं, की "हा गेला कशाने?" हे विचारल्याशिवाय ती नवा भाग काढतच नसे. मालक वैतागायचा. तिचं सगळं शिक्षण मात्र त्या एका प्रश्नावर झालं.

शुक्रवारी काम संपलं. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, चढावरची फेरीही मस्त झाली. संध्याकाळी रीतीप्रमाणे सासूबाई इलारिया यांनी निखाऱ्यांवर धूप घातला, रंगीत कागदाचे तुकडे उधळले आणि बॉनेट उघडून पाचामामाच्या, म्हणजे धरणीमातेच्या नावाने इंजिनावर मक्याची चिचा ओतली. त्या आंबटगोड दारूचा वास अंगणभर पसरला.

शनिवारी सकाळी गाडी सुरू केली, तर समोर इंजिनचा पिवळा दिवा.

दुपारी चालक संघटनेची तपासणी होती. दिवा लागलेली गाडी मार्गावर घेत नसत, आणि तिच्या जागेवर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ होते.

तिने तपासणीचं यंत्र जोडलं. कॅमशाफ्टच्या सेन्सरचा सिग्नल मधेच तुटतोय, असं त्यावर आलं.

"घ्या!" शेजारी उभा असलेला तिचा दीर रुपेर्तो म्हणाला. "कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंगची साखळी बसवताना एक दात चुकवलीस, वहिनी. आता सगळं परत उघड. नाहीतर असं कर, यंत्रावरून दिवा पुसून टाक. दुपार निभावली की झालं."

"आणि उद्या चढावर माणसं भरलेली गाडी बंद पडली, तर ढकलायला तुम्ही येणार, भावजी?"

"माझी कंबर धरलीय गं."

"तुमची कंबर काम दिसलं की धरते."

बोलली खरी, पण खात्री तिलाही नव्हती. ती फूटबोर्डवर बसून विचार करू लागली. दात चुकला असता, तर काल पहिल्या झटक्यापासूनच चुकलेला असता. काल तर इंजिन जराही अडखळलं नाही. मग कालपासून आजपर्यंत बदललं काय?

उत्तर तिला कळलं आणि तिने चोरून अंगणात उभ्या सासूकडे पाहिलं.

इंजिन चालू ठेवून तिने सेन्सरची वायर हलकेच हलवली. इंजिनने आचका दिला. मग ते बंद करून तिने वायरचं टोक सोडवलं. आत तपकिरी चिकटा, आणि त्यात गुलाबी कागदाचा तुकडा.

"काय गं आहे?" इलारियांनी विचारलं.

"आई... चिचा आत गेलीय."

रुपेर्तो खो खो हसला.

"दात काय काढतोस?" म्हातारी त्याच्यावर उसळली. "'आई, अजून ओत, बाईने जोडलेलं इंजिन आहे' असं कोण म्हणत होतं?"

रुपेर्तोचं हसू जागच्या जागी विरलं. कासिमिरा मात्र अजून ते टोक उजेडात फिरवून पाहत होती.

"तुमचं काही नाही चुकलं, आई," ती म्हणाली. "ही रबरी कडी बघा, दुमडलीय. जोडताना मीच नीट बसवली नाही. ती बसली असती, तर थेंबही आत गेला नसता."

तिने स्पिरिटने टोक स्वच्छ केलं, उन्हात वाळवलं, कडी सरळ करून बसवली. त्यानंतरच यंत्रावरून दिवा पुसला. तेवढ्यावरही तिचं समाधान झालं नाही. तोच चढ ती पुन्हा पुन्हा चढली, नजर रस्त्यावर कमी आणि दिव्याच्या जागेवर जास्त. तिथे काळोखच राहिला.

दुपारी तपासणीत संघटनेच्या माणसाने किल्ली फिरवली, इंजिन ऐकलं आणि विचारलं, "कोणत्या गॅरेजात केलंस?"

"घरी."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, काचेवर मंजुरीचा कागद चिकटवला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

गाडी रांगेत लागते न लागते तोच बटाट्यांचं गाठोडं सांभाळत एक बाई दारात आली. "निघायला वेळ आहे का गं?"

"बसा मावशी," कासिमिरा म्हणाली, "निघालोच."