लगेच हिरवा होणारा दिवा

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला ज्यांच्या घरी मी भाड्याने खोली घेतली, ते काका-काकू मूळचे ठाण्याचे. काका रिटायर झालेले, काकू वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करायच्या. माझी खोली जिन्याच्या वरच्या टोकाला, घरातली सगळ्यात लहान. मला ती आवडायची. खालचं सगळं ऐकू यायचं आणि आपल्याला कोणी काही विचारायचं नाही.

मी एका कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कवर आहे हे कळल्यापासून काका मला 'हेल्पडेस्क' म्हणूनच हाक मारायचे. वायफाय गेलं, टीव्हीचा रिमोट रुसला, की खालून हाक यायची. एका शनिवारी सकाळी, काकू कामावर असताना, ते जिन्याशी उभे राहून म्हणाले, "हेल्पडेस्क, एक तिकीट आहे. अर्जंट." तक्रारीच्या नोंदीला आम्ही तिकीट म्हणतो, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं.

हातात त्यांची व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, होती आणि अंगात कोट. छातीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली होती. चाळीस वर्षांची सवय, आणि ती सुटून अकरा आठवडे झाले होते. ते या व्हेपच्याच जोरावर. ती आता चार्ज होत नव्हती. कोपऱ्यावरचं सिगारेटचं दुकान उघडलंय, असं ते हसतच म्हणाले, पण कोट काही काढला नाही.

मी आयुष्यात कधी व्हेप हातात धरली नव्हती. ती जाड पेनासारखी होती. वरचा भाग द्रवाचा, खालचा बॅटरीचा. बॅटरी वेगळी करून एका छोट्या यूएसबी टोपीत फिरवून बसवायची. चार्ज होत असताना टोपीवरचा दिवा लाल, भरली की हिरवा. काकांच्या टोपीवरचा दिवा लावल्या लावल्या हिरवा व्हायचा. बॅटरी मात्र ठार रिकामी. पोटात अन्नाचा कण नसताना ढेकर द्यावा तसं.

मला त्या खोटं बोलणाऱ्या दिव्याचं फार कुतूहल वाटलं. थोडं वाचलं तेव्हा कळलं की तो खोटं बोलतच नव्हता. बॅटरी वीज मागत नाही एवढंच त्याला कळत होतं. भरल्यामुळे मागत नाही की तिचा संपर्कच होत नाही, हे कळायला त्याच्याकडे साधन नव्हतं. मी बॅटरीचं तोंड खिडकीपाशी नेलं. आट्यांमध्ये काहीतरी गुलाबी, चिकट अडकलं होतं.

बडीशेप. साखरेची, रंगीत. तोंडात काहीतरी हवं म्हणून काका ती कार्डिगनच्या खिशात सुटीच ठेवायचे, आणि व्हेपही त्याच खिशात. इअरबडला थोडं स्पिरिट लावून मी आटे पुसले. मधला धातूचा बारीक ठिपका घट्ट पिळून पिळून आत दबला होता, तो लाकडी टूथपिकने जरासा वर घेतला. धातूची पिन वापरली तर शॉर्ट होईल, एवढं वाचलं होतं. वाळल्यावर टोपीत बसवली. लाल दिवा. काकांनी कोट काढून खुंटीला लावला आणि आपणहून चहा टाकला.

मंगळवारी ती दुपारपर्यंतच पुन्हा मेली. काकांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले; बडीशेप आता डबीत होती. आटे स्वच्छ होते, दिवा लाल लागत होता. ते रोज नाश्त्यानंतर ती स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून दीड-दोन तास फिरायला जायचे. परत आले की दिवा गेलेला असायचा. म्हणजे भरली आणि हिरवा होऊन विझला, असं ते धरून चालायचे.

ऑफिसमध्ये माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लग लावलाय ना, स्विच चालू आहे ना? मी तो डायरेक्टरनासुद्धा विचारते. काकांना विचारला नव्हता. वडीलधाऱ्या माणसाला 'हात धुतलेत का' विचारण्यासारखं वाटलं होतं. त्याऐवजी मी बॅटरी जुनी झाली असेल म्हणाले. नवी मागवली, पण ती यायला सोमवार उजाडणार होता. काका म्हणाले, "तोवर माझं काही खरं नाही."

बुधवारी मी घरून काम करत होते. लॅपटॉप घेऊन जिन्यातच बसले, तिथून स्वयंपाकघर दिसायचं. काका साडेनऊला गेले. मग काकू कामावर निघाल्या. गॅसची बटणं पाहिली, नळ पाहिला आणि सॉकेटच्या ओळीवरून बोट फिरवत एकेक स्विच बंद केला. टोस्टर, किटली, चार्जर. टक, टक, टक.

"काकू," मी म्हणाले, "ते चार्ज होत होतं."

"माहितीये मला."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मग सांगितलं की केअर होममध्ये एकदा कोणाचा तरी फोन गादीवर तापून चादर जळाली होती. रिकाम्या घरात ही वस्तू लावून त्या जाणार नव्हत्या. आणि चाळीस वर्षं धूर पाहिला, त्यात आता हा. बंद पडली तर तेवढा वेळ तरी शांतता.

एरवी मी 'हो का' म्हणून वर निघून गेले असते. काकांनी मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी सांगावी का, हेही ठरत नव्हतं.

"शनिवारी तुम्ही कामावर होता," मी म्हणाले. "काका कोट घालून दाराशी उभे होते. ही बंद पडली की शांतता नसते, काकू. ते दुकानाकडे निघतात."

काकू किल्ल्या हातात धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "किती वेळ लागतो हिला?"

"दोन तास."

"आणि पेटत नाही म्हणतेस?"

पेटत नाहीच, असं मी म्हणाले नाही. हिचाच चार्जर, टणक जागा आणि घरात कोणीतरी जागं असेल तर भीती कमी, एवढंच म्हणाले. "आज तू आहेस ना घरात," काकू म्हणाल्या आणि वर गेलेला स्विच पुन्हा खाली करून चालू केला.

दुसऱ्या दिवसापासून चार्जिंगची वेळ बदलली. काकू चारला परत यायच्या, टेबलावर स्टीलचं ताट ठेवायच्या, त्यात ती व्हेप चार्जिंगला लावायच्या आणि शेजारी मेथी निवडत बसायच्या. नव्या बॅटरीची ऑर्डर मी रद्द केली. काका दर दहा मिनिटांनी दारातून डोकावायचे.

"झाली का?"

"लाल आहे अजून. बसा इथे, देठं काढा."

काका बसायचे.